न धुतलेली राख

आधी नाव घेते, मग बाकीचं. सुमनअक्का. जळगावात मेहरूणच्या तलावाच्या अंगाला ज्यांचा पत्र्याचा स्टुडिओ होता, त्या. मला घर दिलं, चाकावर बसवलं, माती हातात दिली ती त्यांनी. आज मला चार माणसं 'मॅडम' म्हणतात, रविवारी शहरातल्या बायका माझ्याकडे मातीत हात घालायला पैसे देऊन येतात, हे सगळं अक्कांचं. हे मी कुणालाही सांगते, अगदी मोठ्या आवाजात सांगते. आभार मानायला मला कधी लाज वाटली नाही. आभार मानणं सोपं असतं हो — त्याने आपणच चांगले दिसतो.

पण त्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आई तिकडे कुडाळजवळच्या गावात वारली, मी इकडून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिलासुद्धा नाही.

मी आठवीनंतर शाळा सोडली. मावशीच्या यजमानांची बदली भुसावळला झाली, तिची मुलं लहान, म्हणून मला बरोबर आणलं. मुलं मोठी झाली, यजमानांची बदली पुन्हा दुसरीकडे ठरली, आणि माझं काय करायचं हा प्रश्न घरात भांड्यासारखा इकडून तिकडे सरकायला लागला. मावशी अक्कांकडून लोणच्याच्या बरण्या घ्यायची. तिथे मी एकदा बरणी उचलायला गेले आणि ओल्या बरणीच्या काठाला बोट लागलं. बोटाचा खड्डा पडला. मी तो पटकन बुजवला — कुणी बघायच्या आत. अक्कांनी बघितलं होतं. म्हणाल्या, "बुजाडता येस का वं तुले? मंग ऱ्हाय आठेच." मला तेव्हा त्यांची अहिराणी धड कळत नव्हती. राहा म्हणाल्या एवढं कळलं.

आता वाटतं, त्यांनी माझ्यात जे पाहिलं ते तेच होतं. खड्डा पडला की बुजवणारी. त्यांना ते कसब वाटलं.

*

मला लोकांना तुच्छ लेखायची सवय आहे. हे आधी कबूल करते म्हणजे पुढचं नीट ऐकाल. विशेषतः सिरॅमिक जमवणाऱ्यांना. तुम्ही अशी माणसं पाहिली आहेत का? भांडं हातात दिलं की पहिल्यांदा उलटं करतात. पोट बघत नाहीत, काठ बघत नाहीत, हातात कसं बसतं ते बघत नाहीत. बूड बघतात! तळाशी कुणाचा शिक्का आहे. शिक्का ओळखीचा निघाला की मग भांडं सुलटं करून म्हणतात, "वा." शिक्का नसला की तेच भांडं कुंडीखाली पाणी झेलायला ठेवतात. माणसाची पत्रिका बघून मग तोंड बघावं तसं.

आणि त्यातले सगळ्यात मोठे आमचे नाना. मूळचे अमळनेरचे, घरची तेलाची गिरणी, पुढे जळगावात कोल्ड स्टोरेज. नानांना कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्यासारख्या माणसाकडे काहीतरी संग्रह हवा. घड्याळं जमवून झाली होती, मग विसाव्या शतकातली स्टुडिओ पॉटरी निघाली. जपानी चहाचे पेले, इंग्लंडातला एक जाडजूड जग, मुंबईच्या जुन्या निळ्या फुलदाण्या, बडोद्याच्या लोकांची कामं. पेल्याला पेला म्हणायचं नाही, 'पीस' म्हणायचं. एकदा त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईने त्या जपानी पेल्यात चुकून दात घासायचं पाणी घेतलं, तर नाना दोन दिवस जेवले नाहीत असं ऐकलं. मला वाटलं, त्या पेल्याला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी पेल्यासारखं वागवलं.

नानांना या सगळ्या जगातून स्वतःच्या गावात एक रत्न सापडलं, ते म्हणजे अक्का. धुळ्याजवळच्या एका शेतकरी घरातली मुलगी बडोद्याला शिकून आली, जळगावच्या उन्हात भट्टी लावून बसली, लोकांनी विचारलं, मडकी करायला एवढं शिकलीस का — ही गोष्ट नाना पाहुण्यांना सांगायचे तेव्हा वाटायचं ते स्वतःच शिकून आले आहेत. अक्का त्यांना 'नानाभाऊ' म्हणायच्या आणि त्यांना विकलेल्या भांड्यांच्या पैशात गॅसचं सिलिंडर आणायच्या. अक्कांनी कधी त्यांना तुच्छ लेखलं नाही. ते काम मी केलं.

*

अक्कांचा हिरवा. त्याशिवाय ही गोष्ट सांगता येणार नाही.

भाजलेल्या भांड्यावर जो काचेसारखा थर येतो, त्याला ग्लेझ म्हणतात. बहुतेक लोक त्याची पावडर बाहेरून मागवतात. अक्का तो राखेपासून करायच्या, आणि राख केळीची. इकडे केळीला काय तोटा! घड उतरला की खांब पडूनच असतात. रावेर-यावलकडून त्यांचे ओळखीचे शेतकरी वाळलेले खांब पाठवायचे, ते आम्ही अंगणात जाळायचो. त्या राखेतून भट्टीत एक हिरवा उतरायचा. तलावाच्या कडेला पाणी जिथे उथळ असतं आणि तळ दिसतो न दिसतो, तसा. झगझगीत नाही, बोलका नाही. हातात घेतलं की थंड वाटायचा. असा रंग मी पुढे कुणाकडे पाहिला नाही, आणि नानांच्या कृपेने मी पुष्कळ पाहिलं आहे.

पण ती राख तशीच वापरता येत नाही. तिच्यात खार असतो. पिंपात पाणी घालून ढवळायची, बसू द्यायची, वरचं पिवळट पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा. ते पाणी चिमटीत घेतलं की सुळसुळीत लागतं, साबणासारखं. सुळसुळीत लागतं तोवर धुवायची. एक दिवस बोटं कोरडेपणाने एकमेकांना घासतात — मग झाली. अक्का म्हणायच्या, "घड्याय काय दखस? चिमटीमा लिसन दख." घड्याळ बघू नको, चिमटीत घेऊन बघ. त्यांचा सगळा हिशेब त्या दोन बोटांत होता.

त्या पाण्याने हात फाटतात. हिवाळ्यात तर भेगांतून रक्त येतं. अक्का अंगणात घसरून पडल्या, ऑपरेशन करून उजव्या मनगटात स्टीलची पट्टी घातली, पिंप कलंडवणं त्यांना होईना. तेव्हापासून राख धुणं माझ्याकडे. बाकी सगळं त्यांचं — माती, चाक, वजनं, भट्टीची आच. एवढं एकच माझं.

*

आता येते. येते म्हणते आणि पुन्हा नानांकडे वळते, बघा.

नानांनी नवा बंगला बांधला. त्यात काचेची कपाटं, आतून दिवे. संग्रह लावून द्यायला माणूस हवा होता, त्यांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी मला पाठवलं. "हाई मनी पोर शे, हिले बठ्ठं समजस." हिला सगळं समजतं म्हणे. मी गेले. मला खुर्ची दिली. बशीत चहा नाही, कपात, आणि बिस्किटं बाजूला. नानांची सून पुण्याची, तिने मला 'तुम्ही' म्हटलं. आठवी शिकलेली, दूर कोकणातून आलेली, कुणाच्या घरी राहणारी मुलगी मी, आणि एम.ए. झालेली बाई मला विचारते, "तुम्हाला काय वाटतं, हे डावीकडे ठेवू?"

नाना मधूनच थट्टा करायचे. "बाई, तुला कुठून गं कळतं एवढं? आठवी नापास ना तू?"

"पास होते नाना," मी म्हणायचे. "पुढे गेले नाही, ते वेगळं."

आणि मग मी बोलायला लागले. कुठलंही भांडं उचलायचं आणि सांगायचं — ही अक्कांची पावसाळ्यातली माती, बघा काठ कसा सैल आहे. हे उमेदवारीतलं. हे दुःखाच्या दिवसांतलं. सगळं बनवलेलं! त्यातली एक बरणी तर मी केलेली होती, अक्कांनी फक्त शिक्का मारलेला, कारण त्यांच्या स्टुडिओतून जे बाहेर पडतं त्याला त्यांचाच शिक्का. सूनबाई वहीत लिहून घ्यायची. मला आतून हसू यायचं. काय ही माणसं! काय ही यांची अक्कल! आणि तरी दुसऱ्या दिवशी मी नीट वेणी घालून पुन्हा जायचे.

त्याच दिवसांत राख पिंपात होती. भट्टी ठरलेली होती. मी एकदा पाणी बदललं. मग बंगल्यावर गेले. परत आले तेव्हा दमले होते, हात त्यांच्या चंदनी साबणाने मऊ लागत होते, आणि त्या पाण्यात ते घालायचे — नको वाटलं. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. मी राख तशीच चाळली, वाळवली आणि डब्यात भरली.

अक्कांनी विचारलं, "राख धुयी का वं?"

"धुतली."

भट्टी उघडली तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. ग्लेझ उकळून फुगलं होतं, फोड आले होते. कुठे वितळून खाली ओघळलं होतं आणि भांडी भट्टीतल्या फरशांना चिकटली होती. रंग मळकट, पिवळा-तपकिरी, जुन्या जखमेसारखा. काठाजवळ तर मातीच उघडी पडली होती. अक्कांनी एक वाडगा फरशीवरून सोडवून घेतला, चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "पोरी, राख नीट धुयेल व्हती ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. 'नाही हो अक्का, कंटाळा केला.' त्या रागावल्या असत्या, दुपारी मला जेवायला वाढलं असतं, विषय संपला असता. मला माहीत होतं संपला असता. आणि मी काय केलं? मी रडायला लागले. "माझ्यावर विश्वास नाही तुमचा? हाताची सालं निघाली माझ्या!" हात पुढे केले. नानांच्या साबणाने धुतलेले, मऊ हात. अक्कांनी ते हात बघितले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मनं चुकनं वं पोरी. रडू नको."

त्यांनी माझी माफी मागितली.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही पुष्कळ वर्षं वाटत होतं की एवढंच आहे. आळस, एक खोटं, थोडं रडणं — असं कोण करत नाही? मी स्वतःला हीच गोष्ट सांगायचे आणि इथेच थांबायचे.

*

अक्कांनी ठरवलं, पुन्हा करायचं. थोडेच वाडगे, छोटी भट्टी. त्यांना वाटलं वजनात चूक झाली असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आकडे नीट दिसत नसतील. म्हणून भिंग घेऊन सगळं स्वतः मोजलं, दोनदा. माझ्याकडे राख दिली, म्हणाल्या, "या वखतले सावकाश धुवो."

आता ऐका. पहिल्या वेळी मला कंटाळा आला होता. दुसऱ्या वेळी कंटाळा नव्हता. दुसऱ्या वेळी मला नीट कळत होतं की ही राख धुतली तर हिरवा उतरेल. हिरवा उतरला तर अक्कांना कळेल की मागच्या वेळी काय झालं होतं. मी रडले होते, हात दाखवले होते, त्यांच्याकडून माफी घेतली होती — ते सगळं उघडं पडेल. मला पुन्हा कोकणात पाठवतील, असं मनात आलं का? आलं. पण ते खरं नव्हतं, आणि खरं नाही हे तेव्हाही मला ठाऊक होतं. अक्का कुणाला पाठवणाऱ्यातल्या नव्हत्या. मला फक्त त्यांच्या नजरेत छोटं व्हायचं नव्हतं. बस.

म्हणून मी धुतली नाही. मुद्दाम.

आणि नुसती धुतली नाही असं नाही. अक्का आत खाटेवर पडलेल्या असायच्या, अंगणातला आवाज त्यांना ऐकू जायचा. मी रोज सकाळी बादलीभर चांगलं पाणी घ्यायचे आणि पिंपाशेजारी निंबाच्या बुडात ओतायचे — जोरात, वाजेल असं. काठीने रिकाम्या बादलीच्या कडेवर वाजवायचे, ढवळल्यासारखं. नळाला एक दिवसाआड पाणी येणारं गाव, आणि मी ते झाडाखाली ओतत होते. आतून अक्का म्हणायच्या, "पुरं वं, हात दुखतीन तुना!" माझे हात.

शेवटच्या दिवशी त्यांनी सांगितलं, वाटीत पाणी आण. मी आणली. पिंपातलं नाही, नळाचं. त्यांनी पट्टी घातलेल्या हाताची दोन बोटं त्यात बुडवली, अंगठ्याने घासली, डोळे मिटून. किती वेळ घासत होत्या! मी समोर उभी होते. मग हसल्या. "झायी. कोरडी लागस."

हे मी केलं. जिच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब दोन बोटांत होता, तिच्या त्या बोटांना मी नळाचं पाणी दिलं.

भट्टी पुन्हा तशीच निघाली. या वेळी अक्कांनी मला काही विचारलं नाही. विचारायला काय उरलं होतं? राख त्यांच्या बोटांनी तपासली होती, वजनं त्यांच्या हातांनी केली होती. म्हणजे बोटं खोटं बोलतात, हात खोटं बोलतो. त्या चाकाजवळ स्टुलावर बसल्या, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मना हात गया आते."

मी म्हणाले, "असं काय बोलता अक्का." कोणतीही बाई म्हणेल तसं.

त्यानंतर त्या चाकावर बसल्या नाहीत. उन्हाळा लागायच्या आत धुळ्याला भाच्याकडे राहायला गेल्या. जाताना स्टुडिओची किल्ली माझ्या हातात दिली. "तू कर आते. तुना हात चांगला शे."

*

ती बिघडलेली भांडी मी फोडून टाकायला हवी होती. नाना आले आणि सगळी घेऊन गेले. अक्कांनी काम सोडलं म्हणजे ही त्यांची शेवटची कामं, म्हणजे — तुम्ही ओळखलंच असेल. कपाटात सगळ्यात वर, खास दिवा लावून, आणि सांभाळायला मला ठेवलं. सूनबाई फोडांवरून बोट फिरवत म्हणाली, "किती धाडस आहे ना यात! म्हातारपणी सगळे नियम मोडून टाकले त्यांनी." मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मान हलवून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "हो. अक्का म्हणायच्या, आता हिरवा पुरे." वहीत लिहून घेतलं तिने. आजही ती पाहुण्यांना ते वाक्य ऐकवते आणि पाहुणे हळवे होतात. फोड आलेल्या, फरशीला चिकटलेल्या, न धुतलेल्या राखेच्या वाडग्यासमोर उभे राहून हळवे होतात! मला त्यांची किती कीव येते, कशी शिसारी येते, ते मी सांगू शकत नाही. पण जरा थांबून विचारा मला — त्यांनी काय केलं? त्यांनी एका खोटं बोलणाऱ्या बाईवर विश्वास ठेवला. अक्कांनीही तेच केलं होतं. मग नानांना मूर्ख म्हणताना मी अक्कांना काय म्हणते?

नानांनी त्या दालनाच्या उद्घाटनाला अक्कांना गाडी पाठवून आणलं. नवी साडी नेसून आल्या, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या. मग कपाटासमोर उभ्या राहिल्या. आपलं आयुष्यभराचं काम खालच्या फळ्यांवर आणि वर, दिव्याखाली, ते. मी शेजारी होते. माझ्या दंडाला धरून अगदी हळू बोलल्या, "हाई कसाले ठेवं यास्नी?" हे कशाला ठेवलं यांनी.

"चांगलं आहे अक्का, लोकांना आवडतं."

"शिक्का घासी टाक वं मना. कानस लई ये नि घासी टाक."

कानस घेऊन ये आणि माझा शिक्का घासून टाक. मी हसले. कुणी बघत होतं म्हणून हसले. अक्काही मग हसल्या, मला हसताना बघून. मी तो शिक्का घासला नाही. तो घासला तर त्या भांड्यांना कोण विचारतं? आणि ती भांडी सांभाळायला ठेवलेल्या मला?

*

अक्का धुळ्याला गेल्यावर वर्षभराने, स्टुडिओ बंद करून, कुणी नसताना मी एकदा राख धुतली. रोज. हात फाटेपर्यंत. बोटं कोरडी लागेपर्यंत. अक्कांच्याच वजनांनी ग्लेझ केलं, एक वाडगा भाजला. भट्टी निवली, मी वीट काढली आणि आत बघितलं.

हिरवा होता. उथळ पाण्याचा, तळ दिसतो न दिसतो तो. तिळभर कमी नाही.

म्हणजे अक्कांचं काहीही चुकलेलं नव्हतं, हे सांगणारी जगात एकच वस्तू आहे आणि ती माझ्याकडे आहे. त्यावर शिक्का नाही. नानांनी पाहिला असता तर कुंडीखाली ठेवला असता.

मी तीन-चार महिन्यांनी एसटीने धुळ्याला जाते. दर वेळी तो वाडगा जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालते. पारोळ्यापर्यंत ठरवते की आज सांगायचं. अक्कांच्या भाच्याच्या घरी सगळी स्टीलची भांडी. स्वतःचं एकही भांडं त्यांनी तिथे ठेवलेलं नाही. त्या ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी थापतात — डाव्या हाताने जास्त, उजवा नुसता टेकवून. शेजारणीला बोलावून दाखवतात, "हाई मनी पोर. जयगावमा मोठा स्टुडिओ शे इना." मी भाकरी खाते. पिशवी पायाशी असते. एकदा अक्कांचा पाय लागला पिशवीला, म्हणाल्या, "काय शे वं यामा, जड?" मी म्हणाले, "नानांकडे द्यायचा पीस आहे." पीस म्हणाले मी. मग वाडगा टॉवेलासकट परत जळगावला आला.

अक्का आता थकल्या आहेत. बोटं वाकडी व्हायला लागली आहेत, पण स्पर्श शाबूत आहे — परवा गव्हाच्या पिठाला हात लावून सांगितलं, गिरणीवाल्याने दुसऱ्या कुणाचं मिसळलं म्हणून. हे मला बघवत नाही. बघवत नाही म्हणते आणि बघते.

माफी मी मागणार नाही. मागितली तर त्या तिथल्या तिथे देतील, पीठ मळता मळता देतील, वर मलाच विचारतील इतकी वर्षं एवढं ओझं कसं वागवलंस म्हणून. म्हणजे आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेऊन परत येईन. पुष्कळ घेतलं.

फक्त देणं राहिलंय. अक्का, तुम्ही हे वाचणार नाही. तुम्हाला कुणी वाचून दाखवावं असंही मला वाटत नाही, कारण हे माझ्या तोंडानेच सांगायचं आहे. एक दिवस मी तो टॉवेल सोडीन, वाडगा तुमच्या उजव्या हातात ठेवीन आणि डोळे मिटून बोट फिरवा म्हणेन. मग सांगेन — हा तुमचा हिरवा. तुमचा हात कुठे गेला नव्हता. राख मी धुतली नव्हती.